सात नंबरची नानकटाई

खायची कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी ती डोळ्यांसमोर धरायचे. मग डावा डोळा मिटायचा, उजव्यानं वस्तूची कड बघायची, हलकेच फिरवायची आणि म्हणायचं, "मापात हाय." त्यानंतरच खायचं. लाडू असो, बटाटेवडा असो, बारशातला पेढा असो. एका लग्नात त्यांनी पंगतीत जिलबी अशी उचलून धरली तर वाढणारा पोरगा जागच्या जागी थांबला. त्याला वाटलं, जिलबीत काहीतरी निघालं.

तुमच्याही ओळखीत असा एक माणूस असणार, ज्याची नोकरी त्याच्या अंगातून घरी येते. आमच्या लाइनीत ते होते. आम्ही त्यांना इन्स्पेक्टरकाका म्हणायचो. पोलिसातले नाहीत हो. कंपनीत इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून पार्ट आला की तो मोजायचा, बरोबर असेल तर पास, नसेल तर त्यावर लाल रंगाचा ठिपका. एवढंच काम, पण सत्तावीस वर्षं. नवीन दूधवाल्याला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. इन्स्पेक्टर म्हटल्यावर त्यानं पहिले दोन महिने सात नंबरला, म्हणजे काकांच्या घरी, जे दूध घातलं तसं दूध आम्हाला कधीच मिळालं नाही.

आमची लाइन म्हणजे चिंचवड स्टेशनपासून दहा मिनिटांवर कंपनीच्या सोळा खोल्या. आठ खाली, आठ वर. इथे माणसांना नंबरानंच ओळखायचे. आम्ही तीन नंबर. शेजारी चार नंबरच्या वहिनी, कोकणातल्या, आवाज असा की कंपनीचा भोंगा बिघडला तरी चाललं असतं. काका आणि काकू सात नंबर. काका मूळचे चाकणच्या पुढच्या एका खेड्यातले, आणि बोलणं अगदी तिथलंच, कंपनीत इतकी वर्षं काढूनही "हाय" आणि "न्हाई" सुटलं नव्हतं.

आता दिवाळीचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं.

दिवाळीला आमच्याकडे घरोघरी ताटं फिरायची. सोळा घरं, म्हणजे प्रत्येक घरातून पंधरा ताटं बाहेर आणि पंधरा ताटं आत. वर क्रोशाचा रुमाल. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, हा नियम. चकली, करंजी, शंकरपाळी घरच्या स्टोव्हवर व्हायची, पण नानकटाईला भट्टी लागते आणि ती होती कँपातल्या एका बेकरीत, चाचांकडे. तुम्ही मैदा, तूप, साखर मळून, गोळे करून, पत्र्यावर लावून न्यायचे आणि चाचा भाजून द्यायचे. दिवाळीच्या आधी चार दिवस त्या बेकरीसमोर अख्ख्या पिंपरीचे पत्रे रांगेत असायचे.

चाचा कुणाचा पत्रा कुठला याची जबाबदारी घ्यायचे नाहीत. म्हणून प्रत्येक घराची एक खूण. गोळा थापला की त्यावर ती दाबायची. चार नंबरची शिवताना बोटात घालायची अंगुस्तान. आमचं माझ्या जुन्या फ्रॉकचं चार भोकांचं बटण. अकरा नंबरची चमच्याची फुली. आणि सात नंबरचा नट. बोल्टावरचा नट, धुऊन चकचकीत केलेला. दाबला की सहा कोनांचा छाप उठायचा, मध्ये गोल. सगळ्यात देखणी खूण तीच होती, हे चार नंबरच्या वहिनीसुद्धा मान्य करायच्या, फक्त मोठ्यानं नाही.

पत्रे न्यायचं काम काकांनी आपणहून घेतलं होतं. त्यांची पहिली पाळी तीनला सुटायची. रॉकेलवाल्याची हातगाडी मागून आणायची, तिला आत वर्तमानपत्रं लावायची, वास लागू नये म्हणून वर जुनी चादर, आणि मग सोळा घरांचे पत्रे. सोबत प्रत्येक वर्षी लाइनीतलं कुणीतरी. मी अकरावीत गेले तेव्हापासून ते कुणीतरी म्हणजे मी.

भट्टीपाशी काका आणि चाचांचं जे चालायचं ते ऐकायला मी फुकटात गेले असते.

"चाचा, टेंपरेचर किती हाय?"

"साब, भट्टी है. ताप आलेला बच्चा नाही."

"आवो, पण अंदाज?"

चाचा कागदाचा तुकडा आत टाकायचे. तो पिवळा व्हायला किती वेळ लागतो ते बघायचे आणि मान हलवायचे. काका मनगटावरच्या घड्याळात बघत बसायचे आणि दरवर्षी म्हणायचे, "गेल्या साली येवढा येळ लागला न्हवता." चाचा म्हणायचे, "गेल्या साली कागद पतला होता."

पण भट्टीवर जायच्या आधी तपासणी असायची, ती आमच्या वऱ्हांड्यात. खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी निघायची आणि एका वर्षी तर त्यांनी कंपनीतल्या भंगारातून एक लोखंडी रिंग घासूनपुसून आणली. गोळा रिंगमध्ये बसला पाहिजे. सैल बसला तर बारीक, बसलाच नाही तर जाड. दोन्ही रिजेक्ट. पत्र्याच्या कडेला लाल खडूचा ठिपका.

चार नंबरच्या वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या. "भावोजी, नानकटाई खायाची हा की इंजनात बसवायाची?"

"वहिनी, पत्र्यावर एक जाड आन् एक बारीक असली की बारीक करपती आन् जाड कच्ची ऱ्हाती. भट्टीचं काय चुकलं मग?"

"माझ्या सासूनं कधी पट्टी लावली नव्हती."

"मग सासूबाईंच्या नानकटायांत कच्च्या निघायच्या का न्हाई, खरं सांगा."

वहिनींनी कमरेवरचे हात काढले. निघायच्या.

रिजेक्ट गोळ्यांचा एक वेगळा पत्रा भाजून यायचा आणि तो लाइनीतल्या मुलांचा. म्हणून मी आणि माझ्या मैत्रिणी गोळे वळताना मुद्दाम चारपाच वाकडे वळायचो. त्यांना ते कळायचं. लाल ठिपका मारताना माझ्याकडे बघून म्हणायचे, "काय टायपिस्ट, आज हात लईच वाकडा पडतोय." मी तेव्हा स्टेशनजवळच्या क्लासात टायपिंग शिकत होते. भेटले की त्यांचा पहिला प्रश्न, "स्पीड किती?" मी चाळीस म्हटलं की विचारायचे, "चुका धरून का सोडून?"

सगळ्यांचे गोळे रिंगमध्ये अडायचे, एक सात नंबर सोडून. काकूंचे गोळे रिंगमध्ये टपटप बसायचे. काकू बोलायला कमी, बारीक अंगाच्या, पण तूप फेसायला बसल्या की बघत राहावं. परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहातानं तासभर. मग वाटीत पाणी घेऊन त्यात फेसलेल्या तुपाचा थेंब टाकायचा. तरंगला तर झालं, बुडाला तर अजून फेसायचं. आई दहा मिनिटांत कंटाळायची. आमच्या घरात तो थेंब कधीच तरंगला नाही, आम्ही पाण्याला दोष द्यायचो.

आता जे सांगायचं आहे ते पटकन सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल.

सात नंबरची नानकटाई आमच्या घरात कुणी खात नव्हतं.

ते बौद्ध होते, म्हणून. त्यांच्या घरात दिवाळी अशी नव्हती, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्यापुढे मेणबत्ती. पण पंधरा घरांतून ताटं यायची आणि ती रिकामी परत कशी करायची, म्हणून काकू नानकटाई करायच्या. फक्त नानकटाई, पण पंधरा ताटांना पुरेल एवढी. ती आली की आई हसून ताट घ्यायची, "कशाला एवढं," म्हणायची आणि नानकटाई वरच्या फळीवरच्या एका वेगळ्या डब्यात जायची. आमच्या फराळात मिसळायची नाही. काका पत्रे ओढून नेतात ते चालायचं, भट्टी एक चालायची, रिंग चालायची. मला कुणी कधी कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तो डबा म्हणजे आमच्या घरातल्या इतर डब्यांसारखाच एक डबा होता, एवढंच मला वाटायचं.

एका वर्षी भाऊबीज झाल्यावर जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आली. आईनं दोन साड्या देऊन एक पातेलं घेतलं. बोहारीण म्हणाली, "ताई, पोराला काय फराळ द्या की." आई आतून म्हणाली, "तो वरचा डबा रिकामा कर गं." मी डबा काढला आणि माझ्या हातानं तिच्या फडक्यात ओतला.

ती आणखी काही घरं फिरली आणि मग पाणी मागायला म्हणून सात नंबरच्या पायरीवर टेकली. मी धुतलेला डबा पुसत आमच्या दारात उभी होते. तेवढ्यात काका पाळी सुटून आले. सायकल लावली. बोहारणीनं फडकं सोडलं होतं आणि पोराला एकेक नानकटाई देत होती. सगळीच्या सगळी सहा कोनांची.

"घ्या की दादा," ती काकांना म्हणाली. "लई ग्वाड हाय. तीन-चार घरनं मिळाली."

काका पायरीवर तिच्या शेजारी बसले. एक नानकटाई घेतली. डोळ्यांसमोर धरली, डावा डोळा मिटला, कड बघितली. जरा जास्तच वेळ बघितली. "मापात हाय," म्हणाले, आणि खाल्ली. मग पोराला म्हणाले, "खा बाळा. पाणी पी वर."

उठताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हातातल्या डब्याकडे.

संध्याकाळी आईनं मला सात नंबरचं ताट परत द्यायला पाठवलं, चिवडा घालून. दार लोटलेलं होतं. आत काकू बोलत होत्या, इतक्या हळू की मी कडी वाजवायची थांबले. "पुढच्या साली न्हाई करायची मी. मोकळी गेली ताटं तर जाऊ द्या. तास-तास हात दुखवून बोहारणीची पोरं पोसायची, तर मग तिलाच देते की सरळ."

काका म्हणाले, "तिच्या पोरानं खाल्लं ते चांगलंच झालं."

"ते मला कळतंय. मी काय म्हणते ते तुमाला कळतंय का?"

"कळतंय," काका म्हणाले. "अजून एक साल कर. माझ्यासाठी."

मी ताट उंबऱ्यावर ठेवून पळाले.

वर्षभर मी त्यांना टाळलं. एकदा स्टेशनपाशी सापडलेच. "टायपिस्ट, स्पीड किती?" मी पन्नास म्हटलं आणि मग माझ्या तोंडातून निघूनच गेलं, की काका, त्या दिवशी तो डबा मी ओतला. ते सायकल धरून उभे राहिले. म्हणाले, "टायपिंगात चूक झाली तर काय करता तुमी?" मी म्हटलं, खोडते आणि त्याच्यावर नीट मारते. "मंग झालं तर," म्हणाले आणि पायडल मारलं.

पुढची दिवाळी जवळ आली तेव्हा काका संध्याकाळी घरोघर फिरले. हातात रुमालात गुंडाळलेली एक वस्तू. पितळी शिक्का, वर लाकडी मूठ, खाली आठ दातांची गरारी, म्हणजे दातेरी चाक. टूलरूममधल्या कुणाकडून तरी सुट्टीत करून घेतला होता. मैद्यावर दाबला तर असा सुरेख छाप उठला की आईनं दोनदा दाबून बघितला.

"गेल्या साली किती करपल्या, आठवतंय ना?" काका म्हणाले. करपल्या होत्या. आमच्याच करपल्या होत्या. "औंदा सोळा घरांचं एक माप, एक शिक्का. चाचाला सांगून ठेवलंय. एका दमात भाजून देतो, रांग न्हाई."

रांग नाही म्हटल्यावर सगळ्या तयार झाल्या. शिक्का घरोघर फिरला, रिंगही फिरली. सात नंबरच्या काकूंनी तूप फेसलं, नेहमीसारखं. आणि मी तुम्हाला सांगते, त्या वर्षी हातगाडी जेव्हा कँपाकडे निघाली तेव्हा असं दिसत होतं की जणू एकाच मशीनमधून सगळा माल आला आहे.

चाचांनी भाजून एकेक पत्रा बाहेर ओढला आणि काकांनी काय करावं? चाचांकडचं मोठं स्वच्छ पिंप पुढे घेतलं आणि पत्रे त्यात ओतायला सुरुवात केली. गार झाला पत्रा की ओत, गार झाला की ओत. मी म्हटलं, "काका, हे कुणाचे कुठले कळणार कसं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "आरं तिच्या," एवढंच म्हणाले, आणि पुढचा पत्रा ओतला.

वऱ्हांड्यात पिंप उतरलं तेव्हा सोळा घरच्या बायका आपापले डबे घेऊन हजर. चार नंबरच्या वहिनींनी आत डोकावलं. एक उचलली, दुसरी उचलली. सगळ्यांवर गरारी.

"भावोजी, ह्यात माझी खंयची?"

काकांनी टोपी काढली. डोकं खाजवलं. "चुकलं, वहिनी. ह्यो इचारच न्हाई केला."

"इन्स्पेक्टर असून चुकलात?"

"चुकलं."

अहो, सत्तावीस वर्षांत त्या माणसाच्या हातून एक पार्ट चुकून पास झाला नव्हता. कंपनीत साहेब लोकांशी पट्टी घेऊन भांडायचा तो माणूस, आणि इथं मान खाली घालून चुकलं चुकलं म्हणत उभा. बायका खूष झाल्या. इतकी वर्षं रिजेक्ट करणारा एकदा तरी सापडला, याच आनंदात कुणी पुढचा विचार केला नाही. वजनावर वाटणी झाली आणि सगळ्या आपापले डबे घेऊन घरी गेल्या. अकरा नंबरच्या बाई तेवढ्या डबा घेताना जरा थांबल्या. त्यांना आधी कळलं.

आईला घरी आल्यावर कळलं, की सात नंबरची आता वेगळी काढता येणार नाही. डबा ओट्यावर ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली. सगळा डबा बोहारणीला द्यायचा, तर त्यात स्वतःची मेहनत. ठेवायचा, तर मग काय. तिनं एक काढली, वास घेतला. दुसरी काढली, वास घेतला. आमच्यात वेलची असते, म्हणून वेलची शोधत होती. शेवटी एक उचलून तिनं तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते.

तिचा चेहरा बदलला. "ही माझी," म्हणाली. "बघ कशी विरघळते. या वर्षी तूप चांगलं फेसलं गेलं होतं."

आमचं तूप पंधरा मिनिटं फेसलं होतं, आणि थेंब नेहमीसारखा बुडाला होता.

मी एक खाल्ली. जायफळ होतं. जायफळ लाइनीत फक्त सात नंबर घालायचं, मला माहीत होतं, कारण भट्टीवर कुठल्या पत्र्याला कसा वास येतो हे मला पाठ झालं होतं. मी आणखी एक खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या नळावर नुसता हाच विषय. चार नंबरच्या वहिनी म्हणत होत्या, "माझी गो, माझी कळता. तोंडात ठेवली की जाता." दोन नंबर म्हणे ती माझी. नऊ नंबर म्हणे ती माझी. लाइनीतली सगळ्यात चांगली नानकटाई प्रत्येकीची होती. काका सायकल पुसत तिथंच उभे होते. एकेकीकडे बघून मान हलवायचे, "व्हय वहिनी, तुमचीच असंल." आणि काकू बादली भरत होत्या. बादली भरून वाहायला लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

चारपाच दिवसांनी आई भाकरी थापता थापता थांबली. "मी जायफळ घातलं होतं का गं?"

"नाही," मी म्हटलं.

"मग कुणी घालतं?"

मी सांगितलं.

आईनं तव्यावरची भाकरी उलटायला जरा उशीरच केला. डब्यात तेव्हा तळाला थोड्याच उरल्या होत्या. बाकी आम्ही सगळ्यांनी, आणि सगळ्यात जास्त तिनं, संपवल्या होत्या. हात धुऊन ती म्हणाली, "चल माझ्याबरोबर." मला वाटलं, भांडायला निघाली.

सात नंबरच्या दारात आम्ही हजारदा उभ्या राहिलो असू, आत कधी गेलो नव्हतो. काकूंनी दार उघडलं. आई उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "जायफळ किती घालता हो तुम्ही? किलोला?"

काकूंनी कानामागचे केस सारखे केले, पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "अर्धं. किसून. बसा की ताई. चहा टाकते."

आईनं चप्पल काढली आणि आत जाऊन बसली. चहा आला. आईनं बशीत ओतला आणि पिऊन टाकला, घाईत पिते तसा, जीभ भाजली असणार. मग दोघी तुपावर बोलायला लागल्या. थेंब बुडतो तो का बुडतो यावर काकू इतकं बोलल्या, तेवढं मी त्यांना एका दमात कधी ऐकलं नव्हतं. काका खुर्चीवरून उठले, मला म्हणाले, "सायकलच्या चेनला तेल द्यायचंय," आणि बाहेर गेले. चेनला कालच तेल दिलेलं होतं, टपकत होतं खाली. तरी ते तिच्यापाशी उकिडवे बसून राहिले, पाठ आमच्याकडे करून. मी बाहेर आले तर म्हणाले, "स्पीड किती?"

"पंचावन्न," मी म्हटलं.

"चुका धरून?"

"सोडून."

"मापात हाय," म्हणाले.

सगळंच गोड झालं असं सांगायला आवडलं असतं. अकरा नंबरनं पुढच्या वर्षीपासून पत्रा देणंच बंद केलं, फराळ बाजारातून आणला. आणखी एका घरानं ताट घेताना पूर्वीसारखंच हसून घेतलं आणि त्याचं काय केलं ते मला माहीत नाही. पण चार नंबरच्या वहिनी सात नंबरला तूप फेसायला शिकायला जाऊन बसायच्या आणि शिकवणारीलाच शिकवायच्या. आणि आमची वरची फळी रिकामी झाली. तो डबा आईनं साबुदाण्याला घेतला.

शिक्का दोन दिवाळ्या चालला. मग काका रिटायर झाले. कंपनीची खोली, म्हणजे रिटायर झालं की सोडायची. गावाकडे घर बांधलं होतं, कांद्याची थोडी जमीन होती. टेंपोत सामान चढवताना काका प्रत्येक गाठ डोळा मिटून बघत होते. शिक्का त्यांनी चाचांना देऊन टाकला. चाचा आता तो बेकरीच्या बिस्किटांवर मारतात आणि कंपनी डिझाइन म्हणून विकतात. काकूंनी निघताना आईच्या हातात काहीतरी ठेवलं आणि मूठ बंद केली. आईनं मला ते दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. टेंपो वळणावर गेला तेव्हा काकांनी हात हलवला नाही. वळणाचा अंदाज घेत होते, ड्रायव्हरच्या शेजारी, एक डोळा मिटून.

आता मी एका ऑफिसात टायपिस्ट आहे. साहेब अजून डिक्टेशन देत असतात तोवर माझं पान संपलेलं असतं. स्पीड विचारणारं कुणी नाही. सात नंबरला नवीन लोक आलेत, चांगले आहेत. हातगाडी ओढायला आता मीच जाते, ऑफिस सुटल्यावर. शिक्का गेल्यावर सगळ्या घरांच्या जुन्या खुणा परत निघाल्या. अंगुस्तान निघाली. आमचं बटणही शिवणाच्या डब्यात होतं.

यंदा मी ऑफिसातून आले तर आईनं पत्रा लावून, वर ओलं फडकं टाकून तयार ठेवला होता. मी न बघताच हातगाडीवर चढवला. भट्टीपाशी नंबर आला, चाचांनी फडकं उचललं आणि तिथंच थांबले. मग रस्त्याकडे बघितलं, माझ्या मागे, हातगाडीच्या मागे.

"इन्स्पेक्टरसाब आये है क्या?"

मी पत्र्याकडे बघितलं. ओळीनं सगळ्यांवर सहा कोन, मध्ये गोल.

"नाही चाचा," मी म्हटलं. "ही आमची आहे. तीन नंबरची."

चाचांनी कागदाचा तुकडा आत टाकला. तो पिवळा होईपर्यंत आम्ही दोघंही वाकून बघत राहिलो. मग त्यांनी पत्रा उचलला, डोळ्यांसमोर आडवा धरला, डावा डोळा मिटला, आणि आत सरकवला.